माणिकच्या रक्ताची काच

घाटकोपर, १६ नोव्हेंबर १९८८

धर्मामामा,

पाकिटाच्या मागे मी मुद्दामच नाव घातलेलं नाही. घातलं असतं तर तुम्ही ते न उघडताच चुलीत टाकलं असतंत. मी मृणालिनी, घाटकोपरच्या लॅबमधली. सात वर्षांनी लिहिते आहे. कसे आहात, घरी सगळे बरे ना, हे विचारायला मला तोंड नाही, म्हणून थेट कामाचंच लिहिते.

गेल्या गुरुवारी लॅबमध्ये एक मुलगी आली. हर्षला नाव, वय नऊ, असल्फ्याला राहते. टॉन्सिल काढायचे होते, म्हणून ऑपरेशनआधीची रक्ततपासणी. मी स्लाइड रंगवली, तेलाचा थेंब टाकला, मायक्रोस्कोपला डोळा लावला. पहिल्याच पांढऱ्या पेशीतला न्यूक्लियस दोन गाठींचा, चष्म्याच्या दोन काचांसारखा. पुढची पेशी तशीच. तिच्या पुढची शेंगदाण्यासारखी. शंभर मोजल्या. तीन गाठींच्या फक्त चार निघाल्या.

हे मोजायला तुम्हीच शिकवलंत. पेशी कोवळी असते तेव्हा तिचा न्यूक्लियस वाकड्या काकडीसारखा असतो. ती पिकत जाते तशा त्याला गाठी पडतात, तीन, चार, कधी पाच. रक्तात कोवळ्याच पेशी जास्त दिसल्या तर आत काहीतरी मोठं बिघडलंय. आपल्या लॅबच्या डॉक्टरांनी एकदा बघितलं आणि चिठ्ठी लिहिली, रक्ताच्या कॅन्सरची शंका, परळला दाखवा.

परळला वसुधाताई म्हणून मोठ्या डॉक्टर आहेत. रक्त बघतात आणि पेशीच्या न्यूक्लियसवर संशोधनही करतात. मी मुलीच्या आईबरोबर गेले होते. त्या म्हणाल्या, "असा न्यूक्लियस दोन कारणांनी दिसतो. एक, जन्मापासूनच तसा असतो. आई किंवा वडील, एकाकडून आलेला. त्याने काहीही होत नाही, माणूस म्हातारा होऊन मरतो. दुसरं कारण वाईट आहे, हाडातल्या मगजाचा आजार सुरू होत असतो. आईवडलांपैकी एकाच्या रक्तात हेच दाखवा, मी मुलीला सुई लावणार नाही."

आईचं रक्त मी तिथल्या तिथे बघितलं. चांगलं आहे, चारचार गाठींचं. वडील चार वर्षांपूर्वी साकीनाक्यावर टेंपोखाली गेले. त्यांना भाऊ नाही, बहीण नाही, आईबाप केव्हाच गेलेले. म्हणून पाच डिसेंबरला, सोमवारी, हर्षलाच्या कमरेच्या हाडात सुई घालून मगज काढणार आहेत.

परत येताना बसमध्ये तिची आई, शुभा, मला म्हणाली, "हिच्या बाबांचंही तुमच्याच लॅबमध्ये झालं होतं. हर्नियाचं ऑपरेशन होतं, रक्तात खोट निघाली म्हणून अडलं." मी नाव विचारलं. माणिक. साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होता.

तुम्हाला तो आठवत असणार. मलाही आठवतो.

लॅब पंच्याऐंशी साली नव्या जागेत आली तेव्हा जुने कागद रद्दीत गेले, स्लाइडी तर त्याआधीच. पण तुमची एक लाकडी पेटी होती, वेगळं काही दिसलं की तुम्ही ती स्लाइडची काच त्यात ठेवायचात. गेलात त्या दिवशी ती तुमच्या काखेत होती. त्यात माणिकची काच असली तर ती मला हवी आहे. मला म्हणजे त्या मुलीला.

तेव्हा जे झालं ते परिस्थितीमुळे झालं. त्याचा राग ह्या मुलीवर निघू नये एवढंच.

मृणालिनी


घाटकोपर, २३ नोव्हेंबर १९८८

धर्मामामा,

आठवडा झाला. घाटकोपरहून वेसाव्याला पत्र पोचायला दोन दिवस लागतात, म्हणजे ते तुम्हाला मिळालंय. तुम्ही उत्तर का दिलं नाहीत हेही मला कळतं. शेवटच्या ओळीत मी लिहिलं, जे झालं ते परिस्थितीमुळे झालं. ते खोटं आहे. परिस्थितीचा काही संबंध नव्हता. मी होते.

मी सगळं लिहून टाकते. तुम्हाला माहीत आहे त्यातलं अर्धं, उरलेलं अर्धं फक्त मला.

ऑक्टोबर एक्क्याऐंशी. मला लॅबमध्ये लागून आठ महिने झाले होते. तुम्ही अठरा वर्षांचे जुने, बाटल्या धुण्यापासून सुरुवात करून स्लाइड वाचण्यापर्यंत आलेले. माझा डिप्लोमा भिंतीवर लावायला खिळा तुम्हीच ठोकलात. माणिकच्या रिपोर्टवर तुम्ही लिहिलंत, काउंट नॉर्मल. मी तुमच्या मागून डोळा लावला आणि म्हटलं, "मामा, ह्यातल्या साठ कोवळ्या आहेत."

"नाय बाय. कोवळ्या नाय. आतला बघ कसा घट्ट झालाय. पिकलेल्या हायेत. ह्या मानसाचा रगतच असा हाय."

"पुस्तकात असं काही नाही."

"मंग पुस्तकात लिव्हायचा राहिला असंल," तुम्ही म्हणालात आणि हसलात. ते हसणं मला लागलं.

पुस्तकात होतं, मामा. परवा वसुधाताईंनी काढून दाखवलं. मी ज्या पुस्तकावर परीक्षा दिली त्याच पुस्तकात, बारीक टाइपात, चार ओळी. मी त्या कधी वाचल्याच नव्हत्या.

तुम्ही जेवायला गेल्यावर मी ती स्लाइड डॉक्टरांकडे नेली. त्यांनी माझा आकडा धरला. तुम्ही परत येऊन भांडलात, आवाज चढला. संध्याकाळी डॉक्टर मला म्हणाले, धर्माचं काय करायचं? एवढंच म्हणाले. लेखी द्या असं ते म्हणाले नव्हते. तुम्हाला इतकी वर्षं वाटत असेल की त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं. नाही. मी आपणहून कागद घेतला आणि लिहिलं, "श्री. धर्मा यांची नजर अधू झाली असून त्यांना पेशींचे वर्गीकरण समजत नाही." खाली सही केली, तारीख घातली. तोच कागद तुमच्या हातात देऊन डॉक्टरांनी तुम्हाला कामावरून काढलं. तुमची नजर उत्तम होती. मला तुमची खिडकीजवळची खुर्ची हवी होती. ती मला मिळाली, नव्या जागेतही खिडकीजवळ मीच बसते, आत्ताही तिथूनच लिहिते आहे.

रक्तात जंतूंचा आजार आहे असं समजून माणिकला तीन महिने इंजेक्शनं टोचली गेली. शेवटी त्याने दुसरीकडे जाऊन ऑपरेशन करून घेतलं. तो धडधाकट होता. मी कोणाला काही बोलले नाही.

काच द्या किंवा नका देऊ, हे तुम्हाला माझ्याकडून कळायला हवं होतं.

मृणालिनी


घाटकोपर, २८ नोव्हेंबर १९८८

धर्मामामा,

काल मी वेसाव्याला येऊन गेले. तुम्ही बोट घेऊन समुद्रावर होतात. कृष्णामामींनी सांगितलंच असेल, पण त्या सगळं सांगतील असं मला वाटत नाही, म्हणून लिहिते.

मामी दारात बसून सुके बोंबील निवडत होत्या. मी म्हटलं, "मी घाटकोपरच्या लॅबमधून—"

"मृणालिनी," त्या म्हणाल्या. मान वर केली नाही. "ये. उनात उभी नको राहू."

मी बसले. त्या बराच वेळ निवडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "मना वाचता येत नाय. ती तुझी चिठ्ठी त्यानंच वाचून दाखवली व्हती. अधू नजर. त्या नजरेनं तो हितून सांगतो, पल्याडची होडी कोनाची ती. माज्या भावाला विचार, त्याला दुर्बिनीतूनपन दिसत नाय."

मी म्हटलं, "मामी, मी खोटं लिहिलं होतं."

"ते मना म्हाईत हाय. त्यालापन म्हाईत हाय. तुना म्हाईत हाय का ते बगत व्हते." मग विचारलं, "आता काय पायजे?"

मी पेटीचं सांगितलं. माळ्यावर आहे म्हणाल्या. पण ती त्यांची नाही, तुमची. तुम्ही आल्याशिवाय त्या हात लावणार नाहीत. मी विचारलं, तुम्ही कधी याल. "येल तेवा येल," म्हणाल्या. मला उठावंसं वाटलं, पण त्यांनी आत जाऊन चहा टाकला होता. चहाबरोबर तांदळाची भाकरी आणि कोलंबी. मी पहिला घास घेतल्यावर त्यांनी विचारलं, "पोरगी केवढी हाय?"

"नऊ वर्षांची."

"आनि सुई कुठं लावनार?"

मी माझ्या कमरेवर हात ठेवून जागा दाखवली. त्यांचा हात ताटलीवर तसाच थांबला. "त्याच्यावर काय दुसरा उपाय?"

"ती काच. दुसरा उपाय नाही."

त्यांनी माझ्या ताटलीत आणखी एक भाकरी टाकली. निघताना म्हणाल्या, "तुजी दोनी पत्रा त्यानं वाचलीत. दुसरा तर दोनदा. बोलला काय नाय. पन ते जपून ठेवलाय, तिकरं, पंचांगाच्या मागं."

आज सोमवार. पुढच्या सोमवारी सुई आहे.

मृणालिनी


घाटकोपर, ६ डिसेंबर १९८८

धर्मामामा,

शुक्रवारी अकराला मी काउंटरवर मान खाली घालून नोंद करत होते. समोर कोणीतरी टूथपेस्टचं खोकं ठेवलं. वर बघितलं तर मामी. हिरवं लुगडं, केसांत अबोली, हातात रिकामी टोपली. बाजार आटपून बस बदलत आल्या होत्या. "त्यानं दिलाय. काच हाय, जपून," म्हणाल्या आणि मी पाणी आणायला आत जाईपर्यंत गेल्यासुद्धा.

खोक्यात कापूस, कापसात काच. एका टोकाला पेन्सिलीने तुमचं अक्षर: माणिक, साकीनाका, ऑक्टो. ८१. रोग नाही.

हे तुम्ही तेव्हाच लिहून ठेवलं होतंत. डॉक्टरांनी, मी, सगळ्यांनी उलटं सांगितल्यावरही. मी खोकं घेऊन आतल्या खोलीत गेले आणि जरा वेळ तिथेच बसले. काय वाटलं ते लिहिता येणार नाही, पण फार बरंही वाटलं, हे खरं.

सात वर्षांत रंग फिका पडला होता, तरी दोन गाठी ओळखू येत होत्या. शनिवारी मी दोन्ही काचा घेऊन परळला गेले. शुभा आणि हर्षलाही होत्या. वसुधाताईंनी जुनी काच पुन्हा रंगवून घेतली. मग बसल्या. मोजत होत्या, लिहीत होत्या, काच बदलत होत्या. वीस मिनिटं गेली. शेवटी त्यांनी विचारलं, "हे वडील?"

"हो."

"हे लेबल कोणी लिहिलंय?"

मी तुमचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "ह्या गृहस्थांनी एक्क्याऐंशी सालीच बरोबर सांगितलं होतं." मग शुभाकडे वळल्या. "सोमवारी यायची गरज नाही. मुलीला काही झालेलं नाही. वडलांच्या रक्तात जे होतं तेच तिच्यात आलंय. तिच्या मुलांपैकीही काहींना येईल, आणि त्यांनाही काही होणार नाही. टॉन्सिल खुशाल काढा."

शुभा रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिने विचारलं, "म्हणजे ह्यांनासुद्धा काही झालं नव्हतं?"

"काहीच नाही."

"ते वेगळं ताट घ्यायचे," शुभा म्हणाली. "वेगळा तांब्या. ही दोन वर्षांची होती तेव्हापासून त्यांनी हिला कधी मांडीवर घेतलं नाही. माझं रक्त खराब आहे, तिला लागेल, म्हणायचे. लांबूनच बघायचे. शेवटपर्यंत."

मामा, हे मला माहीत नव्हतं. मी समजत होते की तीन महिन्यांची इंजेक्शनं, एवढंच माझं देणं. त्या बाईला मी तिथेच सांगितलं की तो आकडा मी लिहिला होता. तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तुम्ही सांगितलंत नसतं तर मला कळलंही नसतं." आणि ती हर्षलाकडे वळली.

हर्षला मात्र आमच्या कोणाकडे बघतच नव्हती. तिला आपलं रक्त बघायचं होतं. वसुधाताईंनी तिला स्टुलावर उभी केली. तिने आधी एक काच बघितली, मग दुसरी. मग पुन्हा पहिली.

"बाबांचं कुठलं आणि माझं कुठलं?" तिने मला विचारलं.

मी डोळा लावला. मला सांगता येईना. शेवटी काच काढून लेबल वाचावं लागलं.

परत येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली होती आणि आईला सारखं विचारत होती, "म्हणजे त्यांनी मला उचललं असतं तरी चाललं असतं?" शुभा दर वेळी हो म्हणत होती. चौथ्या-पाचव्यांदा विचारताना मुलगी हसत होती. तिला ते उत्तर पुन्हा पुन्हा ऐकायचं होतं, एवढंच.

तुमची काच माझ्याकडे जपून आहे.

मृणालिनी


घाटकोपर, २१ जानेवारी १९८९

धर्मामामा,

तुमचं कार्ड आलं. एकच ओळ, "गोळ्याला आकार कोण देतं ते कळलं का?" खाली सही. मी ते कार्ड लॅबमध्ये सगळ्यांना दाखवलं. कोणाला त्यात काय एवढं ते कळलं नाही.

मला एक्क्याऐंशीच्या सुरुवातीची ती दुपार आठवली. मी नवीन होते. तुम्ही मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता म्हणालात, "बाय, ह्या गोळ्याला आकार कोन देतं गं? एकाला तीन गाठी, एकाला पाच. कोनीतरी आतून धरत असंल ना." मी म्हटलं होतं, हे परीक्षेला नसतं.

तर गेल्या आठवड्यात मी परळला जाऊन हाच प्रश्न विचारला, तुमच्या शब्दांत. वसुधाताईंनी चहा मागवला आणि तासभर बोलल्या. मला जेवढं समजलं तेवढं लिहिते.

न्यूक्लियसला एक नाही, दोन पडदे असतात, एकात एक. आतल्या पडद्याला आतल्या बाजूने प्रोटीनची बारीक जाळी लागलेली असते, अस्तरासारखी. तिला लॅमिन म्हणतात. पेशीच्या दोन पेशी व्हायच्या वेळी ती जाळी विरघळते आणि दोन झाल्या की पुन्हा विणली जाते. हे काही वर्षांपासून माहीत होतं. पण ती जाळी पडद्याला धरून कशी राहते? आत्ता, मागच्याच वर्षी, अमेरिकेत काहींना एक नवं प्रोटीन सापडलंय. ते आतल्या पडद्यातच रुतून बसलेलं असतं आणि जाळीला धरून ठेवतं. अशी आणखीही निघतील, म्हणाल्या.

आणि न्यूक्लियसच्या पोटात जे आईबापाकडून आलेलं असतं, ते लांबच लांब धागे, ते आत कसेही कोंबलेले नसतात. त्यांनी मला मोठ्या यंत्रावर काढलेला फोटो दाखवला. काही धागे कडेला पडद्याशी घट्ट चिकटून, गडद, आणि काही मधे, सैल. कडेचे बहुतेक झोपलेले असतात आणि मधले कामात, असं त्या म्हणाल्या. म्हणजे नुसता बाहेरचा आकारच नाही, आतली मांडामांडही तो पडदाच बघतो असं दिसतं.

मी विचारलं, "मग हर्षलाच्या पेशीत ह्यातलंच काही कमी आहे का?"

"मला तसं वाटतं," त्या म्हणाल्या. "पण मला वाटतं हा पुरावा नव्हे. दहा-पंधरा वर्षांनी विचारा."

तर मामा, उत्तर असं आहे: कोणीतरी आतून धरतं, हे नक्की. तिच्या बाबतीत कोण सुटलंय ते अजून माहीत नाही.

आता दुसरं. मी डॉक्टरांना म्हटलं, माणिकचा रिपोर्ट दुरुस्त करून द्यायचा आहे.

"गेलेल्या माणसाला रिपोर्ट कशाला?"

"त्याच्या बायकोला आणि मुलीला."

"लॅबचं नाव जाईल, मृणालिनी."

"तुम्ही एकदा काच बघा, मग सांगा."

दोन दिवस त्यांनी बघितली नाही. तिसऱ्या दिवशी पेशंट संपल्यावर स्वतःच मागितली. बघून झाल्यावर चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "धर्मा असतो कुठे हल्ली?" मी म्हटलं, बोटीवर. ते म्हणाले, "तेव्हा मी त्याची बाजू ऐकूनच घेतली नाही." आणि टाइप करायला सांगितलं.

रिपोर्ट तयार आहे. डॉक्टरांची सही झाली. "तपासणारा" ह्या शब्दापुढची जागा मी मोकळी ठेवली आहे. तिथे माझी सही चालणार नाही. तुम्ही याल का, की मी घेऊन येऊ?

मृणालिनी


घाटकोपर, १२ मार्च १९८९

धर्मामामा,

तुम्ही मंगळवारी आलात तेव्हा काउंटरवर गर्दी होती, धड बोलणं झालं नाही. तुम्ही बसलाही नाहीत. उभ्यानेच रिपोर्ट वाचलात, पेन मागितलंत आणि विचारलंत, "तारीख कुठली घालू?"

मी म्हटलं, "आजची घाला. तुम्ही बरोबर होतात हे आज कळलं."

"मना तेवाच कळला व्हता," तुम्ही म्हणालात, आणि दोन्ही तारखा घातल्यात. बाकीचे हसले. मी तेव्हा हसले नाही, पण घरी जाईपर्यंत हसत होते. आई म्हणाली, आज काय झालंय तुला.

रिपोर्ट मी दुसऱ्याच दिवशी असल्फ्याला नेऊन दिला. शुभाने तो दोनदा वाचला, मग हर्षलाने मोठ्याने वाचला. "पेशींचा आकार जन्मजात वेगळा. आजार नाही." तुमच्या सहीवर बोट ठेवून तिने विचारलं, हे कोण? मी म्हटलं, ह्यांनी तुझ्या बाबांना सगळ्यांत आधी ओळखलं. शुभाने मला चहा दिला. मी उठले तेव्हा ती म्हणाली, "रविवारी मोकळ्या असाल तर येत जा." एवढं ती म्हणेल असं मला वाटलं नव्हतं.

टॉन्सिल निघाले. तीन दिवस आइस्क्रीम खाऊन पोरीचा आवाज घोगरा झालाय आणि ती तो सगळ्यांना ऐकवत फिरते.

तुम्ही दुसऱ्या कार्डावर जाळ्याचं लिहिलंत ते मी परळला वाचून दाखवलं. पिशवीसारखी डोल पाण्यात कशी उभी राहील हे सुतावर नसतं, कुठे कुठे बांधलीय त्यावर असतं, एखादी गाठ राहिली तर तिला दोन पोटं पडतात, पण मासा मिळतोच. वसुधाताईंनी ते वहीत उतरवून घेतलं आणि पुढच्या महिन्यात डॉक्टरांच्या सभेत हर्षलाची केस मांडताना तुमचं नाव घालणार म्हणाल्या. मी पूर्ण नाव दिलंय. चुकलं असलं तर कळवा.

आता कामाचं. डॉक्टरांनी मला विचारलं, धर्मा परत येईल का. मी म्हटलं, मी विचारणार नाही, तुम्ही विचारा. म्हणून त्यांनी तुम्हाला ते पत्र लिहिलं. तुमचं उत्तर त्यांनी मला वाचून दाखवलं: बोट सोडणार नाही, पण जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर असतात, तेवढे दिवस येईन, पाचच्या आत घरी पोचलं पाहिजे अशी मंडळींची अट आहे. डॉक्टर म्हणाले, असं अर्धवट कसं चालेल? मी म्हटलं, चालेल.

मग आम्ही पद्धत ठरवली. तुम्ही याल त्या दिवसांत प्रत्येक अवघड काच दोघांनी बघायची. तुम्ही तुमच्या कागदावर लिहायचं, मी माझ्या. लिहून झाल्याशिवाय एकमेकांचं बघायचं नाही.

"आणि आकडे जुळले नाहीत तर?" डॉक्टरांनी विचारलं.

"तर दोघांनी मिळून पुन्हा मोजायचं," मी म्हटलं.

खिडकीजवळची खुर्ची मी सोडली आहे. उन्हाची तिरीप येते असं मी सगळ्यांना सांगितलंय, पण तुम्हाला खरं कारण माहीत आहे.

मामींना नमस्कार.

तुमची,
मृणालिनी

ता. क. हर्षला विचारते, माशाच्या रक्तात न्यूक्लियस असतो का? पुस्तकात आहे की माशाच्या तांबड्या पेशींतसुद्धा असतो, आपल्यात नसतो. मी वाचलंय, पण कधी बघितलेला नाही. तुम्ही नक्की बघितला असणार. बोट वर ओढायच्या आधी एखाद्या ताज्या मासळीची काच करून आणाल? मला दाखवा.